मास्तरांनी घासलेला गंधार

भरतीबरोबर मचवा ठाण्याच्या बंदराला लागला, पण मास्तर उतरले नाहीत. त्यांची कानशींची पिशवी तेवढी तांडेलाने माझ्या हातात दिली. "मास्तर नाय येवाचं आता, बुवा. परवा कल्याणलाच वारलं. ही पिशवी तुमाला द्याला सांगितलेली." मी पिशवी घेऊन तिथेच धक्क्यावर बसलो. दर चैत्रात, रामजन्माच्या कीर्तनाआधी, ते माझी पेटी लावायला याच मचव्याने येत. आगगाडी होती, पण तिच्या खडखडाटाने दिवसभर कान बिघडतात, ही त्यांची तक्रार.

कल्याणच्या शाळेत गणित शिकवणारा हा माणूस मला भेटला तो तिथल्या देवळात. विलायती पेटी तेव्हा नुकतीच कीर्तनात शिरली होती. माझं कीर्तन संपलं, लोक पाया पडत होते, आणि हे मात्र तोंड वाकडं करून उभे.

"काही चुकलं का?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"तुमचं नाही, पेटीचं. तुमचा कोमल गंधार तिच्यात कुठेच नाही. दोन पट्ट्यांच्या मधे लागतो तो."

विक्षिप्तच दिसतोय, असं मनात म्हणून मी फराळाला बसलो. पुढच्या वर्षी मास्तर स्वतः बांधलेली पेटी घेऊन दारात हजर! नेहमीच्या पट्ट्यांच्या मधे शिसवीच्या बारीक पट्ट्या, त्यांच्याखालची पितळी पाती माझ्या गळ्याबरहुकूम घासलेली. मग त्या मधल्या सुरांवरच ते माझ्या पदांना चाली बांधू लागले. दुसरा कुणी ती पेटी घेऊन गायला बसला की लोक बेसूर म्हणून हसत. मास्तर म्हणत, "हसू देत. त्यांच्यासाठी कुठे केलीय?"

वय झालं तसा माझा गंधार खाली घसरू लागला. मी चिडायचो, पहाटे उठून घसा फोडायचो. मास्तरांनी मला एकदाही सूर वर लावा म्हटलं नाही. पातं काढून त्याच्या मुळाशी हलकेच कानस फिरवायचे. तिथे घासलं की सूर उतरतो. "पितळ घासता येतं, बुवा. गळा कशाला घासताय?" गेल्या चैत्रात पातं उजेडात धरून म्हणाले, "आता फार उरलं नाही हं... मोडेल." आम्ही दोघंही हसलो होतो.

यंदा रामजन्माला मी उभा राहिलो नाही. मुलगा म्हणतो, मुंबईहून कारागीर आणू, तो तुमच्या गळ्याला पाती लावून देईल. देईलही. पण मग मास्तरांचा हात पुसला जाईल. इतका थकलोय की त्याच्याशी वाद घालवत नाही. फार ओकंओकं वाटतं. देवळाला मी कळवून टाकलंय, पुढच्या वर्षी दुसरे बुवा बघा.

सकाळी पेटी उघडतो आणि ती बारीक पट्टी दाबतो. गंधार गेल्या चैत्रात होता तिथेच आहे... माझा केव्हाच त्याच्या खाली गेलाय. भात्यातली हवा संपेपर्यंत ऐकतो, आणि न गाताच झाकण लावतो.