ब्रेक मी बसवले, समोर मी उभा राहिलो

मी चौथी शिकलो. हे लपवायची सोय नाही, कारण घरात एक इंजिनियर आहे. माझाच मुलगा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि संध्याकाळी थकून येतो. कशाने थकतो, ते मी अजून विचारलं नाही. मी उभं आयुष्य कोराडीच्या वीज केंद्राकडे कोळशाचे ट्रक दुरुस्त केले. त्यामुळे गाडीतलं जास्त कोणाला कळतं, हे आमच्या घरात उघडच आहे. त्याला.

गेल्या हिवाळ्यात कारचे पुढचे ब्रेक किरकिरायला लागले. प्रताप नगरच्या चौकात पेडल दाबलं की लोक वळून पाहत.

"बाबा, गॅरेजले देऊन टाका," मुलगा म्हणाला.

"काहून? दोन बोल्टांसाठी?"

"मंग तुम्हीच बदला. नीट झालं तर चावी तुमच्यापाशी. नाही झालं तर तुमचं गाडी चालवणं बंद. वय पाहा जरा आपलं."

"हो म्हणू नका," बायको आतून म्हणाली. म्हणून मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, चाक काढलं. मुलगा मोबाइलवर व्हिडिओ लावून खुर्चीत बसला. व्हिडिओतला मेकॅनिक हातमोजे घालून काम करत होता, नवरदेवासारखा. जुने पॅड घासून पत्र्यावर आले होते. पकडीचा शिकंजा आवळून ब्रेकचा पिस्टन आत दाबला, नवे पॅड बसवले, बोल्ट कसले, चाक परत चढवलं. दुसऱ्या चाकाचंही तसंच.

"बाबा, हा म्हणून राहिला का गाडी काढायच्या आधी एक गोष्ट..."

"बंद कर गा ते. त्याच्या बापाच्या वयाचा आहो मी."

त्याने बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं माझं, आणि तेही नेमकं तेव्हा.

आमच्या गॅरेजात एक रीत होती. ज्याने ब्रेक केला, त्यानेच गाडीसमोर उभं राहायचं आणि दुसऱ्याने गाडी त्याच्या अंगावर हळू आणायची. कागदावर सही करण्यापेक्षा हे बरं. सही करताना कोणी बोल्ट पुन्हा तपासून पाहत नाही. मी जॅक उतरवला, विटा काढल्या आणि फाटकाला पाठ लावून उभा राहिलो.

"बस गाडीत. आण इकडं."

"बाबा, हा काय येडेपणा आहे?"

"भेव लागते तर तसं सांग. चावी माझ्यापाशीच राहीन मंग."

तो बसला. आमच्या पोर्चला फाटकाकडे उतार आहे. गाडी सुटली. मी त्याच्या पायाकडे नाही, तोंडाकडे पाहत होतो, आणि ते तोंड एकदम पांढरं पडलं. पेडल तळापर्यंत गेलं होतं आणि गाडी काही थांबत नव्हती. त्याने हँडब्रेक ओढला. बंपर माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

पिस्टन मागे दाबला की पॅड आणि चाकाच्या चकतीत फट राहते. गाडी हलवायच्या आधी पेडल पाच-सहा वेळा दाबून ती भरून काढावी लागते. कारचे ब्रेक तेलावरचे, आमच्या ट्रकांचे हवेवरचे. टाकीत हवा भरली की झालं. एवढाच फरक. हातमोजेवाला तेच सांगणार होता.

मुलगा उतरला नाही. स्टिअरिंग धरून बसला होता. मी खिडकीशी गेलो.

"दाब पेडल. अजून दाब."

चौथ्या-पाचव्यांदा ते दगडासारखं कडक झालं.

"पाहिलं? काम बरोबरच होतं."

"बाबा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही मेले असते ना."

चौथी शिकलेला मी विटा उचलायला वळलो. बायको दारात उभी होती. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं घाबरलो नव्हतो.

गॅरेजात ज्याचा ब्रेक लागला नाही, त्याला आम्ही पुन्हा पान्याला हात लावू देत नसू. उस्तादाने स्वतः बोलावलं तरच. तेव्हा मुलाने मागायच्या आधीच मी म्हटलं, "ठेव चावी तुझ्यापाशी." त्याला वाटतं, शर्त तो जिंकला. वाटू द्या.

गाडी आता तोच चालवतो. रोज ऑफिसला निघताना आधी पेडल दाबतो, एकदा, दोनदा, तीनदा. मग पोर्चमधून गाडी काढतो. तसं दाबायची आता काही गरज नाही, पॅड केव्हाच बसले. मी पायरीवर चहा पीत पाहतो आणि त्याला सांगत नाही.