चढता न येणारं कुंपण

मिरजेहून बंगळूरला आलो तेव्हा पूल बांधावेत, धरणं बांधावीत असं काहीबाही डोक्यात होतं. सरकारी कारखान्याच्या स्थापत्य विभागात नोकरी लागली आणि पहिलं स्वतंत्र काम वाट्याला आलं ते कुंपणाचं. साठ साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. हेब्बाळच्या पलीकडे तेव्हा नाचणीची शेतं होती. त्या शेतांत विजेच्या मोटारी बनवणाऱ्या आमच्या कारखान्याच्या शेड उभ्या राहत होत्या आणि त्यांच्याभोवती चार आडव्या तारांचं नावापुरतं कुंपण होतं. त्यातून म्हशी आत यायच्या, शेळ्या बाहेर जायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत कामगार विडी ओढायला वाकून पलीकडे जायचे. ते काढून कोणालाही चढता येणार नाही असं कुंपण घाला, एवढाच हुकूम होता. ऑफिसातल्या एका पुणेकराने त्याच दिवशी "सरड्याची धाव" म्हणून मला चिडवायला सुरुवात केली. मी चिडायचो, म्हणून तो आणखी चिडवायचा.

पण काम मी जीव लावून केलं, हे सांगितलं पाहिजे. काँक्रीटचे खांब जागेवरच ओतून घेतले. माणूस चढतो तो हाताला धरायला आणि पायाला टेकायला काही मिळतं म्हणून, ते मिळूच द्यायचं नाही, हा माझा सगळा हिशोब. म्हणून जाळी एवढी बारीक विणीची घेतली की चपलेचं टोकसुद्धा आत शिरू नये. खांब घासून घासून गुळगुळीत करून घेतले. वरच्या टोकाला लोखंडी अँगलचा हात बाहेरच्या बाजूला वाकवून बसवला आणि त्यावर काटेरी तारेचे तीन पदर ओढले. काम झाल्यावर अग्निशामक दलातल्या दोन दांडग्या गड्यांना चढायला सांगितलं. एक कमरेइतका चढून घसरला, दुसरा तेवढाही चढला नाही. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी बायकोला कुंपण दाखवायला घेऊन गेलो. ती म्हणाली, "छान आहे. पण यावर वेल चढवता येणार नाही."

कुंपणाला एकच मोठं फाटक ठेवलं होतं आणि त्या फाटकावर अण्णा होते. अण्णा म्हणजे आमचे पहारेकरी. मराठी, पण तिथलेच. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि राहिले. घरात मराठी बोलायचे, पण तिला कानडीची फोडणी. वयाने माझ्या वडिलांएवढे, मिशा पांढऱ्या, फेटा मात्र कडक. पहिल्या दिवशी त्यांचं मराठी ऐकलं आणि परमुलखात आपला माणूस भेटला म्हणून मी हरखून गेलो.

त्याच संध्याकाळी आपल्या माणसाने मला फाटकात अडवलं. "स्वल्प थांबा साहेब. डबा उघडून दाखवा."

"अण्णा, मी इंजिनिअर आहे."

"सरी. इंजिनिअरचा डबा उघडा की."

कारखान्यात तांबं होतं आणि तांबं डब्यातून बाहेर जातं, म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा डबा बघायचा असा नियम होता. इतर पहारेकरी तो कामगारांपुरता पाळायचे, साहेबलोकांना सलाम ठोकून सोडायचे. अण्णा सगळ्यांना सारखे. त्यात मी मराठी, म्हणून माझा डबा जरा जास्तच निरखून बघायचे, असं मला वाटायचं. डब्याचे तिन्ही पुडे काढायचे, उरलेली पोळी बोटाने बाजूला सारून खाली बघायचे, मग "सरी, जावा." सरी म्हणजे ठीक. माझ्या मागे कामगारांची रांग हसत उभी. माझं डोकं रोज फिरायचं. बायकोला म्हणालो, या माणसाला आपलं-परकं कळत नाही. ती म्हणाली, "कळतं, म्हणून तर बघतात." आणि दुसऱ्या दिवसापासून तिने डबा जास्तच लख्ख घासून द्यायला सुरुवात केली, कारण तो आता चारचौघांत उघडत होता.

पुढे एका पावसाळ्याअखेर तांबं जायला लागलं. मोटारींची तार गुंडाळायच्या विभागामागे भंगाराचं आवार होतं, तिथे तांब्याच्या पट्ट्यांचे तुकडे साठवलेले असायचे. ते कमी होऊ लागले. भिंती तपासल्या, कुलपं बदलली, तरी तांबं जातच राहिलं. मग वर्क्स मॅनेजरांनी चौकशी लावली आणि चौकशीचा निष्कर्ष सरळ निघाला. कुंपण चढता येत नाही, म्हणजे माल फाटकातून जातोय. आवार रात्री कुलूपबंद, तेव्हा माल दिवसाच जातोय, आणि दिवसपाळीला फाटकावर अण्णा. म्हणजे अण्णांना ठाऊक असल्याशिवाय हे होणार नाही. पुणेकर मान हलवून म्हणाला, "कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं." त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही.

अण्णांना घरी बसवलं. निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही, आणि निकाल विरुद्ध गेला तर नोकरी, पेन्शन आणि फाटकामागची दोन खोल्यांची जागा, सगळंच जाणार. मी भेटायला गेलो तर ते फेटा न बांधता बसले होते. मी त्यांना बोडक्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, मी तिला अक्का म्हणायचो, कॉफी आणून दिली आणि ती आत निघून गेली. अण्णा म्हणाले, "नोकरी जाऊ दे साहेब. इथं सगळे आमच्या घराला ओळखतात. उद्या नातवाला कोण विचारलं, तुझा आजोबा काय करत होता, तर पोरगं काय सांगंल?" मी कॉफी संपवून उठलो. घरी येताना मात्र राग आला, आणि तो सरळ कुंपणावर आला. अण्णांच्या विरुद्ध दुसरा कोणीच साक्षीदार नव्हता. माझं कुंपणच साक्षीला उभं केलं होतं.

रविवारी मी उगाच बाहेरच्या बाजूने कुंपणाला फेरी मारायला गेलो. जाळी खांबांच्या आतल्या अंगाला ठोकलेली, त्यामुळे बाहेरून खांब सुटे, उघडे दिसत होते. त्यातल्या एकाला टेकून उभा राहिलो आणि हात त्याच्यावरून फिरला. गुळगुळीत, कुठे पकड नाही, हाताला गार लागणारा. मग माझ्या लक्षात आलं की असा खांब मला नवा नाही. मिरजेच्या तालमीत सातव्या वर्षापासून मी मल्लखांब केला होता. तिथला खांबही असाच गुळगुळीत, वर आणखी एरंडेल लावलेलं. त्याला आम्ही हातांनी नव्हे, मांड्यांनी आणि तळपायांनी धरायचो. ज्याला काही धरायला नाही अशा खांबावर कसं चढायचं, एवढीच विद्या मला लहानपणापासून शिकवली होती, आणि त्याच मी कुंपणाला असला खांब दिला होता. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. माझ्या हातून झालेलं ते पहिलं चांगलं काम होतं.

सोमवारी वर्क्स मॅनेजरांना जाऊन सांगितलं, कुंपण चढता येतं. ते म्हणाले, कोणाला? म्हटलं, मला. ते मद्रासकडचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला. चौकशीतल्या आणखी दोघा साहेबांना घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी भंगाराच्या आवारामागे बाहेरच्या बाजूने येतो, म्हणाले. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती अडवेल. ती म्हणाली, "चढा, पण जुनी पँट घाला."

सकाळी तिघे साहेब बांधावर उभे. मी बूट-मोजे काढले, पोत्याची घडी खांद्यावर टाकली आणि सवयीने आधी खांबाला नमस्कार केला. पुणेकर बघायला आलाच होता, तो खाकरला. मग मी खांबाला बिलगलो. इतक्या वर्षांनी मांड्यांना आठवेल की नाही ही धाकधूक होती, पण अंगाला लागलेलं वळण जात नाही. अर्ध्यापर्यंत सहज गेलो. वर लोखंडी हात डोक्यावर आला, तेव्हा पोतं काट्यांवर फेकलं, अँगल धरला, लोंबकळलो आणि पाय वर टाकले. तिथे माझी पँट अडकली. जुनी होती म्हणून फाटली नाही, धरून ठेवलं तिने मला. ना इकडे ना तिकडे असा मी काटेरी तारांवर आडवा पडलो, एका तळव्यात काटा रुतलेला.

खालून मॅनेजरांनी विचारलं, "कारखान्यात हे तुमच्याशिवाय आणखी कोणाला जमेल?"

मी खरं ते सांगितलं. "नाही सर."

"मग मी तुम्हाला अटक करू का?"

दुसरे साहेब हसले. अण्णांना सोडवायला गेलो आणि वर लटकून चोर मीच ठरत होतो. पँट सोडवायला मान वळवली आणि नजर शेतावर गेली. नाचणी कमरेइतकी, कणसं धरलेली. बांधावरून बघणाऱ्याला ती सपाट हिरवी दिसत होती. वरून तसं नव्हतं. कुंपणापासून दगड फेकावा एवढ्या अंतरावर मधेच चार-सहा ठिकाणी नाचणी दबलेली होती, वरून काहीतरी जड पडल्यासारखी. त्या खळग्यांपासून एक बारीक वाट शेताच्या पलीकडच्या टोकाला गेली होती. भंगाराचं आवार बरोबर माझ्या मागे होतं.

"सर," मी ओरडलो, "नाचणीत बघा! कोणी चढत नाही. ते फेकतात!"

पुणेकरच पळत आत शिरला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्याच खळग्यात त्याला गोणपाटात बांधलेला गठ्ठा सापडला. उघडला तर आत तांब्याच्या पट्ट्या. माणूस चढू नये म्हणून आम्ही सगळे एवढे खपत होतो आणि माल आमच्याच डोक्यावरून भर दिवसा उडत होता. कुंपण माणसाला अडवतं, वस्तूला नाही, ही एवढी साधी गोष्ट. पुढच्या चार दिवसांत पाळत ठेवून फेकणारा आणि गवत कापायच्या मिषाने उचलणारा, दोघेही धरले. फेकणारा आमच्या भंगाराच्या आवारातलाच निघाला. मला उतरवायला मात्र शिडी आणावी लागली.

अण्णांना निर्दोष ठरवून परत बोलावलं. मॅनेजरांनी मला जाळी काढून खांबांच्या बाहेरच्या अंगाने ठोकायला लावली, वर आवाराच्या बाजूला उंच पत्रे मारायला लावले. ते सगळं मी बिनतक्रार केलं. अण्णांकडे जाऊन आलो. अक्काने माझ्या तळव्यावर हळद दाबली आणि ती रडली, म्हणून मीही.

अण्णा कामावर आले तो दिवस खंडेनवमीच्या आयुधपूजेच्या आदला. फाटकाला केळीचे खांब बांधले होते. संध्याकाळी रांगेत मी पुढे सरकलो, डबा हातात धरूनच. अण्णांनी मला बघितलं, टाचा जुळवून सलाम केला आणि नजर खाली घालून म्हणाले, "जावा साहेब."

मी दोन पावलं पुढे गेलोही. मग थांबलो. ज्या माणसासाठी मी काट्यांवर लटकलो होतो तो हा नव्हता. माझ्या उपकाराने त्यांची नजर खाली गेली असेल तर मी त्यांना सोडवलं कुठे, त्या आरोपातून काढून माझ्या ऋणात टाकलं, एवढंच झालं. मी परत वळलो आणि रांगेसमोर ओरडलो, राग खरा होता, "अण्णा, डबा कोण बघणार?"

"तुमचा कशाला साहेब..."

"माझा कशाला म्हणजे? मी कुंपण चढणारा माणूस आहे. कारखान्यात एवढा एकच आहे!"

रांगेत कोणीतरी हसलं. अण्णांनी नजर वर केली. मग त्यांनी फेटा नीट केला, माझ्या हातातून डबा घेतला आणि तिन्ही पुडे एकेक करून फळीवर मांडले. उरलेली पोळी बोटाने बाजूला सारून खाली बघितलं. रिकामा पुडा उपडा करून बुडावर टिचकी मारून बघितली, ती पूर्वी कधी मारत नसत. मागे रांग खोळंबली होती, कामगार कुरकुरायला लागले होते. अण्णांनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. डबा पुन्हा नीट लावला, कडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"सरी," ते म्हणाले. "जावा."