तांबडी चिंधी

दिल्लीत आमच्या मयूर विहारच्या सोसायटीच्या गेटवर मारुतराव बसतात. सकाळी मी भाजीला निघाले की खुर्चीतून उठून सलाम ठोकतात. फौजी सलाम, कोपर ताठ. मी म्हणते, "बसा हो मारुतराव, कशाला उठता?" आणि मान खाली घालून सटकते. चौदा वर्षं झाली या सटकण्याला. सोसायटीतल्या बायका म्हणतात, वीणाजी वॉचमनलासुद्धा किती मान देतात. डोंबलाचा मान! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? या माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची माझी छाती होत नव्हती.

मागे एकदा तळमजल्यावरच्या रिंकूची स्कूटर गेटपाशीच बंद पडली. ती म्हणाली, "अंकल, आप तो फौज में मेकॅनिक थे ना? जरा देख लो." मारुतरावांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नहीं बेटा, मेरे हाथ ठीक नहीं हैं." हात चांगले ठणठणीत आहेत. पण दोन हजार सालच्या दसऱ्यापासून त्या हातांनी पाना उचललेला नाही.

हा माणूस काय होता ते ऐका. साताऱ्याकडचा, चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये काढलेला. ट्रकच्या इंजिनाला नुसता कान लावून कुठला भाग कुरकुरतोय ते सांगायचा. पंचाण्णव साली निवृत्त झाल्यावर गावी जायचं, तर मुलगा शंभू दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्येच वाढलेला. त्याला गाव म्हणजे सुट्टीपुरतं. मग मारुतरावांनी गुडगावच्या एका टोकाला पत्र्याची शेड टाकली, मागे एक खोली बांधली आणि तिथं बायकोला, कृष्णाबाईंना, घेऊन राहिले. तेव्हा तिथं एका बाजूला मोहरीची शेतं आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट उभे राहिलेले टॉवर. माणसं यायची होती, रस्ते आधीच येऊन बसले होते. चांगले रुंद आणि सरळ.

आमची त्यांची गाठ पडली ती माझ्या नवऱ्याच्या हौसेपायी. परदेशी कंपन्या दिल्लीत आल्या, पद्माकर त्यातल्या एकीत मोठा झाला, आणि चाळिशी उलटल्यावर साहेबांच्या डोक्यात मोटारसायकल शिरली. एक वकिलातीतला माणूस देश सोडून चालला होता. त्याची तेराशे सीसीची गाडी यानं घेतली. लांबच्या प्रवासाची गाडी ती. पुढे ही मोठी काच, मागे सामानाचे दोन डबे, बसायला सोफाच. मी म्हटलं, "अरे, म्हैस आणलीस की काय दारात?" हा आपला खूष. कुणीतरी मारुतरावांचं नाव सांगितलं, त्यांनी गाडी नीट करून दिली, आणि संक्रांतीला आम्ही तिच्यावरून पानिपतला काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, गेलो. मारुतराव दर वर्षी तिथं जायचेच. परत येताना पद्माकरनं त्यांना थोडी चालवायला दिली. उतरले तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"साहेब, हिच्यात दम आहे," ते म्हणाले. "हिला सामान वाहायला लावायचं म्हणजे पैलवानाला पोस्टमन करण्यासारखं आहे."

झालं! दोघं पेटले. गुडगावच्या त्या रिकाम्या रस्त्यांवर रविवारी सकाळी श्रीमंतांची मुलं शर्यती लावायची. चारशे मीटर, सरळ, दोनच गाड्या. बारा सेकंदांत खेळ खलास. मारुतरावांनी ठरवलं की आपली म्हैस तिथं पळवायची. काच गेली, डबे गेले, सोफा गेला. जोरात सुटताना पुढचं चाक उचलू नये म्हणून मागचं चाक धरणारे दांडे वीतभर लांब केले. पिस्टन बदलले, क्लचच्या स्प्रिंगा बदलल्या, कानसीनं घासून घासून एकेक भाग हलका केला. दीड वर्ष चाललं होतं हे. चालवायला शंभू, कारण तो पंचावन्न किलोचा, शिवाय बापानं घडवलेली गाडी त्याला न सांगता कळायची. चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. गुडगावच्याच एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायचा. माझ्याशी अर्ध्या हिंदीत बोलायचा, "काकू, टेन्शन मत लो, बाबांनी नट आवळलाय म्हणजे देवानं आवळलाय."

खरंच तसं होतं. मारुतरावांची एक सवय होती, फौजेतून आणलेली. काम अर्धवट असलं की गाडीच्या हँडलला, ॲक्सिलरेटरच्या मुठीवर, एक तांबडी चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर गाडी अनफिट. कुणीही बटण दाबायचं नाही, मग तो जनरल असो. काम संपलं की स्वतःच्या हातानं सोडायची आणि खिशात घालायची. मला हे त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी पोहे खात होते, हो हो म्हटलं.

शर्यतीच्या वेळी ते पाठ करून उभे राहायचे. पाहायचेच नाहीत, नुसते ऐकायचे. पहिल्यांदा एका बिल्डरच्या पुतण्याशी लागली होती. त्याची गाडी खास शर्यतीसाठीच बनलेली, आणि आमचं हे धूड बघून ती पोरं फिदीफिदी हसत होती. दोन्ही गाड्या सुटल्या. मारुतराव डोळे मिटून म्हणाले, "तिसरा गिअर पडला... चौथा... आला माझा वाघ." वळून बघितलं तर शंभू खरंच पुढे! मीसुद्धा रस्त्यावर उड्या मारल्या, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी कृष्णाबाईंनी सगळ्यांना शिरा घातला आणि मारुतराव स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते. इतका सुखी माणूस मी पाहिला नव्हता.

मग तो दसरा आला. त्यानंतरच्या रविवारी मोठी शर्यत होती, चंदीगडहून कुणी येणार होतं. मारुतरावांनी गाडीला नवी चेन घातली. मागचं चाक सरळ बसवलं, एक्सलचा नट बोटांनी फिरवून ठेवला. आता तो मोठ्या पान्यानं आवळायचा आणि सुटू नये म्हणून त्यात आरपार पिन घालायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात कृष्णाबाई आल्या. खंडेनवमी होती. "हत्यारं पूजेला मांडा, वेळ टळतेय." आता आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं मांडली की दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मारुतरावांनी फौजेतल्या चोवीस वर्षांतही हा नियम मोडला नव्हता. त्यांनी सगळे पाने पुसून पाटावर मांडले, ती पिनसुद्धा ताम्हनात ठेवली, आणि हँडलला चिंधी बांधली. उद्या पूजा हलली की दहा मिनिटांचं काम. हे सगळं मला नंतर कळलं.

दसऱ्याला सकाळी आम्ही झेंडूचे हार घेऊन शेडवर पोचलो. दिल्लीत आपट्याची पानं कुठून मिळणार? पण कॅन्टोन्मेंटात फौजेतल्या मराठी लोकांनी लावलेलं एक झाड होतं. पद्माकर मारुतरावांना घेऊन पानं आणायला तिकडे गेला. कृष्णाबाई मागच्या खोलीत पुरणात अडकलेल्या. मला म्हणाल्या, "वैनी, तेवढा गाडीला हार घाला." मी गंध लावलं, अक्षता टाकल्या. हार घालायला गेले तर मुठीवर ती तेलकट, काळवंडलेली चिंधी. शी! सणासुदीचं हे काय घाण? मी ती सोडली. टाकायला जागा दिसेना म्हणून पर्समध्ये कोंबली, आणि तिथं छान टपोरा हार बांधला. दोन पावलं मागे सरून बघितलंसुद्धा, कशी दिसतेय म्हणून. कर्म माझं!

पाचेक मिनिटांत शंभू आला, पाळी संपवून. डोळे लाल, पण गाडी बघून खुलला. मला नमस्कार केला. मुठीकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे वा, चिंधी सोडली? म्हणजे बाबांनी ओके केली. काकू, रस्ता आज खाली आहे, एक चक्कर मारून येतो."

तेव्हा मला कळलं. अगदी लख्ख कळलं. मी तोंड उघडलं होतं. पण मनात आलं, आता याला काय सांगू, की मी शहाणीनं तुझ्या बाबांची चिंधी काढून पर्समध्ये घातली? हसेल हा मला. आणि मारुतरावांसारखा माणूस, त्यांचं काय राहिलेलं असणार? असेल काहीतरी किरकोळ. एवढा विचार करायला जितका वेळ लागतो तितक्यात इंजिन धडधडलं. मी हार नीट केला. हो, हार नीट केला मी. आणि तो गेला.

आवाज आम्हाला शेडपर्यंत ऐकू आला. आधी चढत जाणारा, मग एकदम नाही. कृष्णाबाई पळीसकट बाहेर आल्या. पूर्ण जोर दिल्यावर एक्सल सरकला, चेन निसटली, चाक जाम झालं, आणि रस्त्याकडेला ड्रेनेजचे सिमेंटचे पाइप मांडून ठेवलेले होते. यापुढचं मी सांगणार नाही.

मारुतराव परत आले ते आपट्याची पानं हातात घेऊन. शंभूपाशी बसले, त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग उठून गाडीकडे गेले. नट बघितला. हँडल बघितलं. झेंडूच्या चुरगळलेल्या हाराखाली बोटं घालून चाचपलं. मग आजूबाजूची जमीन शोधायला लागले, गुडघ्यांवर. माझी पर्स माझ्या काखेत होती.

"मी चिंधी बांधली नाही," ते म्हणाले. "साहेब, मी बांधायची विसरलो."

मी काही बोलले नाही. सगळ्यांना वाटलं धक्का बसलाय बिचारीला. तिसऱ्या दिवशी घरातल्या निर्माल्याच्या पिशवीत ती चिंधी तळाला घातली आणि पुलावरून यमुनेत सोडून दिली. पद्माकरलाही सांगितलं नाही, आजतागायत नाही.

तेराव्याला कृष्णाबाई एकच वाक्य बोलल्या, नवऱ्याकडे न बघता. "तुमच्या हातानं गेलं माझं लेकरू." मी तिथंच होते, पानं वाढत होते. तेव्हाही गप्प! दुसऱ्या आठवड्यात त्या गावी भावाकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मारुतरावांनी शेड बंद केली. पद्माकरनं गाडी भंगारात दिली आणि मारुतरावांना आमच्या सोसायटीत लावून घेतलं, उपकार म्हणून. माझ्या दारात आणून बसवलं त्यांना!

दर दसऱ्याला ते आपट्याचं पान घेऊन वर येतात. दर वर्षी तेच विचारतात, हळूच, पद्माकर आत गेला की. "वहिनी, त्या दिवशी हार तुम्ही घातलात ना? मुठीवर काही होतं का हो? आठवून बघा." आणि दर वर्षी मी म्हणायची, "नाही हो आठवत, मारुतराव." ते मान हलवायचे आणि जिना उतरायचे.

यंदा भाद्रपदात गावाहून निरोप आला, कृष्णाबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही म्हणे. मी चार रात्री झोपले नाही. ठरवलं, आता बास. तोंड काळं झालं तर होऊ दे, पण हा माणूस तरी सुटू दे.

दसऱ्याला मारुतराव आले. त्यांनी विचारायच्या आत मी म्हटलं, "मारुतराव, चिंधी होती. तुम्ही बांधली होती. मी सोडली. हार घालायला सोडली, आणि शंभू निघाला तेव्हा मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही. तुमचे हात चुकले नाहीत हो. मी मारलं त्याला."

रडत होते मी, नाक पुसायचंसुद्धा भान नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. आणि मग हसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, कृष्णाबाई गेली म्हणून तुम्हाला माझी दया आली."

"अहो, दया कसली! खरं सांगते, देवाशपथ!"

"मग कुठाय चिंधी?"

"यमुनेत टाकली."

त्यांनी मान हलवली, एखाद्या लहान मुलाची थाप ऐकावी तशी. "तुमच्यासारखी बाई चौदा वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोलेल? छे! तेव्हाचं खरं होतं. हे आज माझ्यासाठी बोलताय. स्वतःच्या अंगावर घेताय." त्यांनी हात जोडले. "इतकं तर माझ्या बायकोनंही केलं नाही. पण वहिनी, माझं पाप आहे, ते माझ्याकडेच राहू द्या."

मी त्यांचा हात धरला, हलवला, पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. जितकं सांगत गेले तितके त्यांचे डोळे भरत गेले. शेवटी त्यांनी माझ्या तळव्यावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणाले, आणि चक्क वाकून माझ्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीला निघाले. मारुतराव खुर्चीतून उठले. पिशवी घेतलेल्या दोन बायका गेटपाशी उभ्या होत्या, त्यांना ते सांगत होते, "वीणा मॅडम देवी हैं, देवी." मग माझ्याकडे वळून त्यांनी सलाम ठोकला.