फुलला की जाऊ

ट्रली गावातल्या घरामागे दक्षिणेकडे तोंड केलेली एक भिंत होती. आयर्लंडचं ऊन ते किती, पण जेवढं होतं तेवढं तिथंच पडायचं. त्या भिंतीला गुरुनाथनं ट्रंपेट क्रीपर लावला, भोंग्यासारख्या केशरी फुलांचा वेल. कोल्हापूरला नीलिमाच्या दवाखान्याच्या दारात असाच वेल होता ना, म्हणून. बायकोचं मन रमावं एवढाच बिचाऱ्याचा हेतू.

दवाखाना दातांचा. दोन वर्षांपुरतं म्हणून तिनं त्याला कुलूप लावलं आणि नवऱ्यामागोमाग आली. नवरा इथल्या हॉस्पिटलात सर्जन. हिची डिग्री मात्र इथं चालेना. परीक्षा द्यायच्या तर पुन्हा पहिल्यापासून! दोनाची पाच वर्षं झाली. परतायचा विषय निघाला की गुरुनाथला हमखास फोन यायचा. एकदा ती फारच खनपटीला बसली, तेव्हा तो हसून म्हणाला, "हा वेल फुलला की जाऊ. प्रॉमिस."

त्यानं थट्टेत म्हटलं, हिनं मनाशी खूणगाठ बांधली.

आपल्याकडच्या सवयीनं तिनं वेलाला भरपूर खत घातलं. वेल पानांनी असा माजला की खिडकी झाकली, पण फूल म्हणून नाही. शेवटी नर्सरीतल्या बाईनं सांगितलं, लाड पुरे, हिवाळा संपता संपता चांगला छाटा. तिनं खत थांबवलं, वेल छाटला, तारा ठोकल्या. घरात बसून तिचा जीव गुदमरायचा. भिंतीपाशी तेवढं बरं वाटायचं.

यंदा ऑगस्टात शेंड्याला कळ्यांचा घोस आला. नीलिमा आनंदानं ओरडलीच. ते ऐकून तिची मुलगी स्वरांगी बाहेर आली. हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत.

"सो वुई आर लीव्हिंग?" कळ्या बघून तिनं विचारलं आणि रडायलाच लागली. या पोरीला इथं मैत्रिणी मिळायला किती दिवस गेले, ते आईनंच पाहिलं होतं.

नीलिमानं तिला पोटाशी धरलं, गप्प केलं, आत पाठवलं. मग कात्री आणून घोस कापला आणि पालापाचोळ्याच्या ब्राउन बिनमध्ये टाकला.

संध्याकाळी गुरुनाथ ड्यूटीवरून आला, चहा घेऊन भिंतीपाशी उभा राहिला.

"याही वर्षी नाही का गं?"

"नाही."

त्याला हायसं वाटलेलं तिला स्पष्ट दिसलं. इतका राग आला तिला, पण बोलणार काय आणि कुठल्या तोंडानं?

"ग्रँड, चालायचंच," रिकामा कप तिच्या हातात देत तो म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की फुलेल बघ."

नळ मोठा सोडून ती सिंकपाशी रडली.