टाकीत आणि टाकून

दर सोमवारी सकाळी वायनरीच्या ऑफिसात बसून लोक आपल्याबद्दल काय लिहितात ते शोधायचं, हे माझं काम होतं. फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगलवरचे रिव्ह्यू, सगळीकडे वायनरीचं नाव टाकायचं, इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगांनी आणि मग मराठीत, आणि निघेल ते साहेबांना दाखवायचं. साहेब म्हणजे मालक. मी डिंगोऱ्याहून स्कूटीवर जायची. गावात कुणी विचारलं तर आई सांगायची, कॉम्प्युटरवर असते. पुण्याहून शनिवार-रविवारी आलेली माणसं ग्लास उन्हात धरून फोटो काढत आणि खाली लिहीत की चीजची प्लेट गार होती. त्यावर मी वायनरीच्या वतीने दिलगिरी व्यक्त करायची. गार चीजपायी मी जितक्यांची माफी मागितली तितकी नातेवाइकांचीही मागितली नसेल.

माझा चुलत भाऊ तिथेच होता, आत, टाक्यांवर. मी त्याला दादा म्हणायची. दादा दारू पीत नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्याचा बाप पिऊन पिऊन गेला होता, आणि शाळेत असताना दादाच्या कितीतरी संध्याकाळी बापाला रस्त्यावरून उचलून घरी आणण्यात गेल्या होत्या. वायनरीत दिवाळीला कामगारांना बाटली मिळे, ती तो गेटवरच कुणाच्या तरी हातात देई.

द्राक्षाच्या हंगामात एका दुपारी तो टाकी साफ करायला आत उतरला. रस आंबताना एक वायू तयार होतो. तो दिसत नाही, आणि टाकीच्या तळाशी साचून राहतो. रस काढून घेतला होता, तळाला चोथा तेवढा उरला होता. माणूस उतरण्याआधी टाकीत हवा सोडायला हवी होती, ती कुणी सोडली नव्हती. दादा उतरला, खाली बसला आणि उठला नाही. बाहेर काढला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत त्याला आंबलेल्या द्राक्षाचा वास येत होता. मयताला आलेल्या प्रत्येकाने तो घेतला.

त्याच संध्याकाळी तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या एका पानावर आलं, ‘दारूच्या कारखान्यात टाकीत पडला, कामगाराचा मृत्यू.’ इथवर ठीक होतं. मग दुसऱ्या कुणीतरी ती बातमी आपल्या भाषेत उतरवली आणि लिहिलं, ‘दारूच्या कारखान्यात टाकून पडला.’ चुकून लिहिलं की मुद्दाम, देव जाणे. आपल्याकडे माणूस टाकून पडला म्हटल्यावर आणखी काही विचारावं लागत नाही.

दहावं झाल्यावर मी कामावर गेले तर साहेबांनी बोलावून घेतलं. चांगलं बोलले, डोळ्यांत पाणीही आलं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मग म्हणाले, “आपल्याबद्दल लोक काय लिहितायत, एकदा सगळं शोधून बघ.”

मी वायनरीचं नाव टाकलं. सूर्यास्त, ग्लास, चीज. दादाबद्दल एक अक्षर नाही, कारण आमच्या भागात वायनरीला तिच्या नावाने कुणी हाकच मारत नाही. मग ‘दारूचा कारखाना, टाकीत पडला’ असं टाकून पाहिलं, तर ती पहिली बातमी निघाली. ‘टाकून पडला’ टाकलं आणि स्क्रीन भरून गेली. आळ्यापासून कळंबपर्यंतची माणसं, निम्मी ओळखीची. फुकटची मिळाल्यावर काय व्हनार. बापाचंच चालवलं राव. मेला पण मजेत मेला. आणि खाली पिवळी हसरी तोंडं. दादाला खांदा दिला त्यांच्यातल्याही एकाने हसरं तोंड टाकलं होतं. त्याच्या घरी जाऊन त्याच्या तोंडावर थुंकावं असं मला वाटलं, अजून वाटतं.

साहेबांनी सगळं शेवटपर्यंत वाचलं. “म्हणजे आपलं नाव कुठेच नाही,” ते म्हणाले.

“नाही. पण दादाचं आहे. साहेब, आपल्या पानावर दोन ओळी टाका. तो प्यायलेला नव्हता, टाकीतल्या वायूने गेला, एवढंच लिहा.”

“अगं, आपण लिहिलं की आपलं नाव येईल.” लहान मुलाची समजूत घालावी तसं त्यांनी सांगितलं. “आणि वायू म्हटलं की पुढचे प्रश्न आले. चार दिवसांत विसरतात लोक.”

शवविच्छेदनाचा अहवाल अजून यायचा होता, आणि आला तरी तो काय कुणी फेसबुकवर वाचणार होतं. म्हणून सगळ्यात जास्त फिरलेल्या पोस्टखाली मी माझ्याच नावाने लिहिलं, ‘माझा भाऊ टाकीत पडला, टाकून नाही. त्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही.’

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याखालीही हसरी तोंडं जमली. कुणीतरी लिहिलं, ‘टाकीत की टाकून, एक नंबर ताई.’ लोकांना वाटलं मी कोटी केली. पहिलं वाक्य तेवढं ठेवून त्याचा फोटो काढला आणि पोरांनी स्टेटसला लावला. मी लिहिलेलं पुसून टाकलं, पण फोटो कोण पुसणार? व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाकोणाकडे फिरलं ते शोधायचीही सोय नाही.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, तेव्हा कळंबला माहेरी होती. मी तिला भेटायला गेले. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, फोन शेजारी पालथा ठेवलेला. मी फोटोचा विषय काढणार होते, पण तिनेच सांगितलं की तिच्या भावाने तो कधीच दाखवलाय. मी म्हटलं, लोकं येडी हायत वैनी, तुमी वाचू नका.

“ताई, तुमी तितंच व्हता ना त्या दिवशी?”

“व्हते.”

“मंग खरं सांगा. मी कुनाला सांगनार न्हाई.” आतल्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज खाली आणला. “त्यांनी घेतली व्हती का?”

“न्हाई वैनी. एक थेंब न्हाई.”

तिने मान हलवली आणि पुढची शेंग घेतली.

“तुमी त्यांची बहीण,” ती म्हणाली. “तुमी असंच म्हननार.”