झाडावर उरलेले चार खिळे

तुमच्या घरात कवटीचं चित्र असलेली लाल पत्र्याची पाटी टांगलेली आहे का? बिहाच शहराजवळच्या जंगलातून आणलेली? पाहुणे आले की "युगोस्लाव्हियाच्या हवाई दलाचा गुप्त तळ होता हो, डोंगराच्या पोटात" असं फुशारून सांगता का? मग जरा बसा. ती पाटी नसल्यामुळे काय झालं ते ऐकूनच उठा.

शेफिका त्या तळावर कामाला लागली तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा विचारायचा, दिवसभर करतेस काय? ती म्हणायची, शिवते. त्यापलीकडे बोलायची बंदी होती. प्लेशेविट्सा डोंगर आतून पोखरून त्यात मिग विमानं ठेवलेली. विमान उतरलं की त्याच्या शेपटीतून पॅराशूट सुटायचं आणि त्याचा वेग मोडायचं. ते वाळवायचं, तपासायचं, पुन्हा घडी घालून पिशवीत कोंबायचं, हे शेफिकाचं काम. फाटून बाद झालेली पॅराशूटं बायका घरी न्यायच्या. आजही आमच्याकडे आलुबुखारं झोडपताना झाडाखाली तेच कापड अंथरतात.

दुसरं काम लाल फितींचं. विमान उभं असताना त्याला जागोजागी पिना लावलेल्या असत आणि प्रत्येक पिनेला लोंबती लाल फीत. उडण्याआधी पीन काढायची राहू नये म्हणून. फिती शिवायची शेफिका, काढायचा उरोश. उरोश मेकॅनिक. सगळ्या फिती मुठीत धरून तो वैमानिकाला दाखवायचा, मगच विमान हलायचं. तिला तो मास्तरीणबाई म्हणायचा, कारण शिवण उसवली तर ती त्याच्यावर ओरडायची नाही, त्याच्याकडूनच शिवून घ्यायची.

मग देश फुटला. ज्या लष्करानं तो तळ बांधला त्यानंच जाताना बोगद्यांत स्फोटकं भरली आणि तो उडवून दिला. भोवतालच्या रानात सुरुंग पेरले. विमानं गेली, झेंडा गेला, देश गेला. त्या हवाई दलाचं आता एकच काय ते कामावर हजर आहे, ते म्हणजे सुरुंग.

उरोश सर्ब, शेफिका मुसलमान. युद्धात तिचा भाऊ गेला. उरोश कुठंतरी परागंदा झाला आणि खूप वर्षांनी बापाच्या पडक्या घरात परतला. पहिलं वर्ष ती त्याच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी तो कुंपणाशी येऊन नुसता उभा राहिला आणि तिनं कॉफी ठेवली. माफी कुणी मागितली नाही.

गेल्या शरद ऋतूत तो अळंबी आणायला रानात गेला. आमच्याकडे रानातली वाट विचारा, कुणीही सांगेल, कवटीपर्यंत सरळ जा, मग डावीकडे वळा. पुढं सुरुंग आहेत असं बजावणाऱ्या कवटीच्या पाट्या युद्धापासून तिथंच असल्यामुळे आम्ही त्यांना मैलाचे दगड करून टाकलं होतं. मूर्खपणाच, पण सवय झाली होती. उरोश झाडं बघत नव्हता, पाटीची वाट बघत होता. पाटी येईना म्हणून चालत राहिला. शेवटी पाटी दिसली. पण तिचा कोरा, गंजका भाग त्याच्याकडे होता. कवटी पलीकडच्या बाजूला. म्हणजे तो सुरुंगांच्या आत होता.

तो जागच्या जागी थांबला आणि त्यानं हाक मारली. शेफिका उतारावर आलुबुखारं वेचत होती. आवाज ओळखून ती धावली, आणि जुन्या बीचच्या झाडापाशी थबकली. खोडावर चार खिळे होते. पाटी नव्हती.

"हलू नकोस, गाढवा," ती म्हणाली.

"हलून मला कुठं जायचंय, मास्तरीणबाई. कॉफी ठेवली आहेस का?"

तिनं पोलिसांना फोन केला आणि झाडाखाली बसली. सुरुंग काढणारे येईपर्यंत ती त्याला शिव्या घालत राहिली. तो एकदाच म्हणाला, मला बसावंसं वाटतंय. तिनं भावाची शपथ घातली. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर तिनं भावाचं नाव पहिल्यांदाच घेतलं. तो बसला नाही. ती माणसं एकेक वीत जमीन तपासत आत गेली आणि ऊन कललं तेव्हा त्याला घेऊन बाहेर आली. त्याच्या पावलांच्या पुढ्यातच एक सुरुंग सापडला होता.

शेफिका घरी गेली नाही. तडक तळाच्या तोंडाशी गेली. तिथं जुनं मोडकं विमान पडलंय, त्यावर चढून बाहेरगावचे पाहुणे फोटो काढतात. दामिर त्यांना गाडीतून फिरवायला आणतो. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेत लाल पाटी चमकत होती.

तो हसून म्हणाला, "मावशी, गंजका पत्रा तो. लोकांना आठवण हवी असते. आणि इतक्या वर्षांत सुरुंग मेले असतील की."

"मेलेत ना? मग चल. तू पुढं हो, मी मागून येते."

पाहुणे त्याच्याकडे बघू लागले. दामिर हलला नाही. तिनं दार उघडलं आणि पाटी काढून घेतली. कुणी अडवलं नाही.

झाडापाशी येऊन तिनं पाटी खिळ्यांना लावून पाहिली. बसेना. पाटीला भोकं दोनच होती. ही पाटी दुसऱ्याच कुठल्यातरी झाडावरची होती. तिनं दामिरला पुन्हा गाठलं, कुठून काढलीस ते विचारलं. त्याला आठवेना. खरोखरच आठवेना. तेव्हा मात्र तिनं त्याच्या कानाखाली जाळ काढला, आणि चांगलं केलं.

म्हणजे आमच्या रानात आणखी एक झाड मुकं उभं आहे आणि ते कुठलं हे कुणालाच ठाऊक नाही.

शेफिका पुन्हा फिती शिवते. बीचच्या झाडावर तिची लाल फीत आहे. पूर्वी ती काढायची राहिली तर विमान पडायचं, आता कुणी काढली तर उरोशसारखा माणूस पडेल. उरोश अजून तिच्याबरोबर रानाच्या कडेनं चालतो, झाडं बघत, खिळे शोधत.

तुमची पाटी आज भिंतीवरून उतरवा. तिला चार भोकं असोत की दोन, ती कुठल्या वाटेवरून, कुठल्या झाडावरून काढली ते आठवा, नीट आठवा, आणि आम्हाला येऊन सांगा.