कॅमेऱ्याचे नऊशे ग्रॅम

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा सोमवार. रक्कम चार किलो नऊशे ग्रॅम. हजर चौघे: आमचे साहेब, इंजिनवाले गृहस्थ, कॅमेरा बनवणाऱ्या बाई आणि मी.

म्हैसूरच्या आमच्या छोट्या कंपनीत लघुग्रहाकडे जाणारा एक लहानसा उपग्रह तयार होतो आहे. त्याचा मार्ग आखणं हे माझं काम. इंधन आणि कॅमेरा मिळून वर सांगितलं तेवढंच वजन परवडणार होतं, आणि आमची मागणी नऊशे ग्रॅमनं जास्त भरत होती. कॅमेऱ्याचं वजनही नऊशेच. त्यामुळे साहेबांना उपाय लगेच सुचला.

"कॅमेरा काढू. आधी पोचणं महत्त्वाचं."

"पोचून काय करायचं, सर?" बाई म्हणाल्या. "डोळे मिटून नमस्कार?" त्या कॅमेऱ्यावर त्यांची चार वर्षं गेली होती. साहेबांनी गुरुवारपर्यंत मुदत दिली.

लघुग्रह नेमका कुठे असेल, हे जवळ जाईपर्यंत पक्कं कळत नाही. म्हणून ऐनवेळी मार्ग दुरुस्त करायला मी चारशे ग्रॅम इंधन राखीव धरलं होतं. इतरांनी काय धरलंय ते पाहावं म्हणून इंजिनवाल्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. ते इथल्या जुन्या मराठी घराण्यातले.

"तुमच्या आकड्यात राखीव आहे का हो?"

"आहे की, तीनशे. सुम्मने ठेवलंय, उगाच. तुमचा मार्ग चुकला तर असावं."

"त्यासाठी मी वेगळं धरलंय."

"ते ठाऊक आहे हो. पण तुमच्या भरवशावर कसं राहायचं?"

साहेबांनी तर आमच्या दोघांच्या बेरजेवर आणखी ठोक पाचशे चढवले होते. कारण तेच. पाहुणे यायचे असले की आमच्या घरी बायको आणि मी एकमेकांना न सांगता मूठभर तांदूळ जास्त टाकतो. उरलेल्या भाताचं दुसऱ्या दिवशी चित्रान्न होतं. इंधनाचं तसं काही करता येत नाही.

गुरुवारी साहेबांनी, दागिना गहाण टाकावा तशा चेहऱ्यानं, आपले पाचशे सोडले. इंजिनवाल्यांनी तीनशे सोडले. तरी शंभर कमीच पडत होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"तुमचं तीनशेत भागेल?" साहेबांनी विचारलं.

"भागेल. लघुग्रहानं सहकार्य केलं तर."

मग बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कॅमेरा तसा सातशे साठचाच आहे."

"मग नऊशे कशाला सांगितले?"

"कापाकापी होणार हे माहीत होतं, सर."

शेवटी कॅमेऱ्याला सातशे साठ ग्रॅम मिळाले, इंधनाची शंभराची तूट भरून निघाली आणि चाळीस उरले. ते साहेबांनी स्वतःकडे राखीव ठेवले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.